तेरा घरांची एक चूल

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. निबंधाच्या वह्या तपासत प्राध्यापकांच्या खोलीत बसलो होतो. एका विद्यार्थ्याने लिहिले होते, "४ जुलै १७७६ रोजी अमेरिका हे राष्ट्र जन्माला आले." वाक्य सुबक होते. मी पुढे बरोबरची खूण केली आणि पान उलटणार, तोच शेजारी चहा पीत बसलेल्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी वहीत डोकावून पाहिले.

"मराठी ठीक आहे हो," ते हसत म्हणाले, "पण इतिहास चुकला. त्या दिवशी एक बाळ जन्मले नाही, तेरा जन्मली. आणि एकमेकांना भाऊ म्हणायला त्यांतले कोणी फारसे राजी नव्हते!"

मला वाटले, नेहमीची थट्टा असेल. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन जाडजूड ग्रंथ माझ्या पुढ्यात आणून आदळले. त्या दिवाळीच्या सुट्टीत घरात चिवडा-चकल्यांचा खमंग वास सुटला असताना मी फिलाडेल्फियाच्या रस्त्यांवर हिंडत होतो. शेवटचे पान मिटले तेव्हा एक गोष्ट मनात पक्की झाली. साम्राज्यातून बाहेर पडणे आणि राष्ट्र होणे, ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिल्याला शौर्य लागते; दुसऱ्याला काय लागते, तेच आज वाचकांना सांगायचे आहे.

तेरा भाऊ, तेरा तोंडे

अमेरिकेतील इंग्रजांची पहिली टिकाऊ वसाहत १६०७ साली जेम्सटाउन येथे झाली. १७३३ मध्ये जॉर्जियात वस्ती झाली आणि तेराचा आकडा पुरा झाला. जमीन मोकळी नव्हती, तिथले मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या तेथे नांदत होते. त्यांना मागे रेटत या वसाहती वाढल्या, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

तेराही इंग्लंडच्या राजाच्या, पण प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. मॅसॅच्युसेट्समध्ये कर्मठ प्युरिटन लोक. त्यांचा उद्योग मासेमारी आणि जहाजबांधणी. पेनसिल्व्हेनियात शांततावादी क्वेकर आणि त्यांच्या शेजारी जर्मन शेतकरी. व्हर्जिनियात तंबाखूचे मोठमोठे मळे, दक्षिण कॅरोलायनात भात आणि नीळ, आणि या दक्षिणेकडील शेतीचा सगळा भार आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या पाठीवर. यांतल्या पुष्कळ वसाहतींचे लंडनशी जेवढे दळणवळण होते, तेवढे शेजारणीशीही नव्हते.

१७५४ साली फ्रेंचांशी लढाईची चिन्हे दिसू लागली तेव्हा बेंजामिन फ्रँकलिन या छापखानेवाल्या गृहस्थाने आपल्या वर्तमानपत्रात एक चित्र छापले. तुकडे तुकडे झालेला साप, आणि खाली इशारा, की जुळा, नाही तर मराल. त्याच वर्षी ऑल्बनी येथे भरलेल्या परिषदेत त्याने वसाहतींच्या एकीची योजनाही मांडली. ती एकाही वसाहतीच्या विधिमंडळाने स्वीकारली नाही. लंडनलाही ती रुचली नाही. सापाचे तुकडे तसेच राहिले.

स्वस्त चहाचे भांडण

मग हे तेरा जण एकत्र आले कसे? त्याचे श्रेय बरेचसे लंडनलाच द्यावे लागेल.

१७६३ साली फ्रेंचांशी चाललेले सात वर्षांचे युद्ध इंग्लंडने जिंकले. पण विजयाबरोबर कर्जाचा डोंगरही घरी आला. युद्ध अमेरिकेच्या रक्षणासाठीही झाले, तेव्हा खर्चाचा वाटा अमेरिकेने उचलावा, असे लंडनच्या मंत्र्यांना वाटले. वरवर पाहता त्यात गैर काही नव्हते. १७६५ साली मुद्रांकाचा कायदा आला. दस्तऐवज, वर्तमानपत्रे, पंचांगे, एवढेच नव्हे तर खेळायचे पत्ते आणि फासे, सगळ्यांवर सरकारी छाप आणि त्याचे पैसे.

वसाहतींचे म्हणणे साधे होते. ज्या पार्लमेंटात आमचा एकही माणूस बसत नाही, तिने आमच्या खिशात हात घालू नये. त्या वर्षी नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. इंग्रजी मालावर बहिष्कार पडला. पुढच्या वर्षी कायदा मागे घेतला गेला, पण वसाहतींवर वाटेल तो कायदा करण्याचा हक्क आपल्याला आहे, असे पार्लमेंटने त्याच वेळी बजावून ठेवले. १७६७ मध्ये काच, रंग, कागद, शिसे आणि चहा यांवर नवी जकात बसली. पुन्हा ओरड झाली. १७७० मध्ये बाकीच्या वस्तूंवरची जकात उठली. चहावरची तेवढी मुद्दाम ठेवली. रक्कम किरकोळ, पौंडाला ३ पेन्स. पण हक्काची खुंटी रोवलेली राहिली.

आणि येथे आपल्या ओळखीची एक मंडळी या कथेत शिरते : ईस्ट इंडिया कंपनी. बंगालची दिवाणी हाती येऊनही कंपनीची तिजोरी खंक झाली होती. १७७० च्या भीषण दुष्काळाने बंगाल उजाड झाला होता, आणि लंडनच्या वखारींत न खपलेल्या चहाचे ढीग साठले होते. (तो चहा चीनमधला, आपल्याकडे चहाचे मळे अजून व्हायचे होते.) कंपनीला वाचवण्यासाठी पार्लमेंटने १७७३ मध्ये तिला अमेरिकेत थेट चहा विकायची मुभा दिली. त्यामुळे जकात धरूनही चहा पूर्वीपेक्षा स्वस्त पडणार होता!

म्हणजे, चहा महागला म्हणून अमेरिका पेटली, अशी जी आपली समजूत असते, ती खरी नव्हे. चहा स्वस्त झाला होता. स्वस्त चहाच्या घोटाबरोबर लंडनचा हक्कही आपल्या घशाखाली उतरेल, ही भीती होती. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या धक्क्यावरील तीन जहाजांवर माणसे चढली आणि चहाच्या ३४२ पेट्या फोडून त्यांनी समुद्रात ओतल्या.

पार्लमेंटने बोस्टनचे बंदरच बंद केले. धाक असा, की एकाला शिक्षा झाली की बाकीचे बारा गप्प बसतील. घडले उलटे. दक्षिण कॅरोलायनाहून भात आला. कनेटिकटहून मेंढ्यांचे कळप आले. उत्तर कॅरोलायनातील एडन्टन गावी १७७४ च्या ऑक्टोबरात ५१ बायकांनी बहिष्काराच्या कागदावर उघड सह्या केल्या; लंडनच्या व्यंगचित्रकारांनी त्यांची टवाळी केली. घराघरांतून चरखे फिरू लागले आणि घरच्या सुताचे जाडेभरडे कापड अंगावर घालणे अभिमानाचे झाले. दूरच्या, कधी न पाहिलेल्या बोस्टनकराच्या ताटात आपल्या पोत्यातले मूठभर तांदूळ पडावेत असे ज्या दिवशी शेतकऱ्याला वाटले, त्या दिवशी तेरा घरांच्या एका चुलीखाली पहिली काडी पेटली, असे मी समजतो.

जाहीरनामा आणि खोडलेला परिच्छेद

१९ एप्रिल १७७५ ला लेक्झिंग्टन आणि काँकर्ड येथे गोळ्या झडल्या. तरीही पुष्कळांना राजाशी नाते तोडायचे नव्हते. जुलैत काँग्रेसने राजाकडे समेटाचा अर्ज पाठवला. त्याने तो हाती घेतला नाही. जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेन या इंग्लंडातून नुकत्याच आलेल्या, सगळ्या धंद्यांत अपयशी ठरलेल्या माणसाने एक छोटे पुस्तक लिहिले. राजा म्हणजे कोण, आणि एका बेटाने एका खंडावर राज्य का करावे, असे सरळ प्रश्न त्याने रस्त्यावरच्या माणसाच्या भाषेत विचारले. भाषेचा शिक्षक म्हणून मला याचे फार अप्रूप वाटते. पंडिती ग्रंथांनी जे झाले नाही, ते साध्या गद्याने केले.

२ जुलैला काँग्रेसने स्वातंत्र्याचा ठराव केला आणि ४ जुलैला जाहीरनामा मान्य झाला. लिहिणारा टॉमस जेफर्सन अवघा ३३ वर्षांचा. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, हे त्यातले सूत्र जगभर गेले. पण मूळ मसुद्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा एक परिच्छेद होता. दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जिया यांच्या आग्रहामुळे तो खोडण्यात आला. त्या वेळी सुमारे २५ लाख लोकवस्तीत पाचातला एक माणूस गुलाम होता, आणि स्वतः जेफर्सनच्या मळ्यावर हयातभरात ६०० हून अधिक गुलाम राबले. एकीसाठी एक सत्य खोडले गेले. त्याचा हिशेब पुढे चुकता करावा लागला.

इतिहासाच्या प्राध्यापकांचे म्हणणे मला येथे पटले. जाहीरनाम्यात एका राष्ट्राचा जन्म जाहीर झालेला नाही. त्यात या वसाहती 'स्वतंत्र राज्ये' आहेत, असे चक्क बहुवचन आहे.

कॉर्नवॉलिसची दोन युद्धे

युद्धाची हकीकत लांबण लावून सांगत नाही. वॉशिंग्टनच्या सैन्याने पुष्कळ लढाया हरल्या. १७७७-७८ चा हिवाळा व्हॅली फोर्ज येथे काढताना रोगराईने सुमारे २,००० माणसे गेली. पण सैन्य फुटले नाही, आणि सॅराटोगाच्या विजयानंतर १७७८ मध्ये फ्रान्स उघडपणे मदतीला आला.

याच वर्षांत आपल्याकडे पहिले इंग्रज-मराठा युद्ध चालू होते, हे वाचताना माझे कुतूहल जागे झाले. १७७७ मध्ये सँ ल्यूबँ नावाचा फ्रेंच वकील पुण्यात नाना फडणिसांकडे येऊन बसला होता, आणि इंग्रजांची झोप उडाली होती. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना नमते घेऊन तह करावा लागला. पृथ्वीच्या दोन बाजूंना एकच साम्राज्य एकाच वेळी अडचणीत होते.

१९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउन येथे लॉर्ड कॉर्नवॉलिस शरण आला. शरणागतीच्या समारंभाला तो स्वतः गेला नाही. प्रकृतीचे कारण सांगून त्याने दुय्यम अधिकाऱ्याला पाठवले. हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात उतरला आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणापुढे टिपूविरुद्ध उभा राहिला, तेव्हा त्याच्या बाजूला मराठ्यांची फौज घेऊन हरिपंत फडके होते. त्याचा अंत १८०५ मध्ये गाझीपूरला झाला. तेथे त्याची समाधी आहे. अमेरिकेत जे गमावले, ते येथे भरून निघाले. तिकडे तेरा तुकडे जुळत होते. इकडे आपले तुकडे जुळले नाहीत.

सामाईक विहीर

१७८३ च्या पॅरिसच्या तहाने इंग्लंडने स्वातंत्र्य मान्य केले. नाटक असते तर येथे पडदा पडला असता. पण खरी कथा येथून सुरू होते.

आमच्या कोकणातल्या घराची आजोबांच्या पश्चात वाटणी झाली. अंगण वाटले, माड मोजून वाटले. विहीर मात्र सामाईक राहिली. पाणी सगळे भरत. एका उन्हाळ्यात रहाटाचा दोर कुजून तुटला. दोर आणायचा कोणी? जो तो म्हणे, मी एकट्यानेच का? जवळजवळ पंधरा दिवस तीन बिऱ्हाडांतल्या बायका लांबच्या विहिरीवरून पाणी आणत होत्या, आणि घरची विहीर तुडुंब भरलेली होती! शेवटी माझी आजी दोर घेऊन आली आणि प्रत्येक दारात उभी राहून तिने पैसे वसूल केले.

अमेरिकेचे नेमके हेच झाले. १७८१ मध्ये अमलात आलेल्या संघाच्या कलमांप्रमाणे काँग्रेसला युद्ध करता येत होते, तह करता येत होते, कर्ज काढता येत होते. पण कर बसवता येत नव्हता. राज्यांकडे पैसे मागायचे. दिले तर दिले. कलमांत दुरुस्ती करायची तर तेराही राज्यांची संमती हवी. परदेशी मालावर शेकडा ५ जकात घेण्याची परवानगी काँग्रेसने मागितली, तेव्हा बारा राज्ये हो म्हणाली. सर्वांत चिमुकले ऱ्होड आयलंड नाही म्हणाले, आणि योजना बारगळली. काँग्रेसच्या नोटा इतक्या घसरल्या, की कवडीमोल वस्तूला त्या नोटेची उपमा देण्याची रीत पडली. न्यूयॉर्कने कनेटिकट आणि न्यू जर्सी या शेजाऱ्यांच्या मालावर पट्टी बसवली. राजाच्या जकातीविरुद्ध लढलेले भाऊ आता एकमेकांकडून जकात घेऊ लागले.

ज्यांनी लढाई जिंकली त्या सैनिकांचे पगार थकले होते. मार्च १७८३ मध्ये न्यूबर्गच्या छावणीत अधिकाऱ्यांत बंडाची कुजबुज सुरू झाली. वॉशिंग्टन सभेत आला. बोलून झाल्यावर खिशातले एक पत्र वाचू लागला, पण अक्षर लागेना. त्याने चष्मा काढला. या माणसांनी त्याला चष्म्यात कधी पाहिले नव्हते. तुमच्या सेवेत केस तर पिकलेच, आता दृष्टीही जाऊ लागली आहे, अशा अर्थाचे काहीतरी तो पुटपुटला. कडवे सैनिक रडले. बंड तेथेच विरले. त्याच वर्षी २३ डिसेंबरला त्याने सेनापतिपदाचा राजीनामा दिला आणि तो घरी शेतीवर गेला. राजा होण्याची संधी समोर असताना उठून घरी जाणारी माणसे इतिहासात फार थोडी आहेत.

पण एकट्याच्या थोरवीवर घर चालत नाही. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे शेतकरी करांनी आणि सावकारांनी नाडले गेले आणि डॅनियल शेज या माजी कॅप्टनच्या मागे जाऊन त्यांनी जप्तीचे हुकूम काढणारी न्यायालये बंद पाडली. जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारापुढे स्वतंत्र अमेरिकेच्या तोफेने स्वतंत्र अमेरिकेची चार माणसे मारली. तेव्हा सगळे दचकून जागे झाले. आता दोर आणायलाच हवा होता.

बंद खिडक्यांआडचा उन्हाळा

मे १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला परिषद भरली. बारा राज्यांचे ५५ प्रतिनिधी आले. ऱ्होड आयलंडने माणूसच पाठवला नाही. अध्यक्ष वॉशिंग्टन. ८१ वर्षांचा फ्रँकलिनही आला. तुटक्या सापाचे चित्र छापून ३३ वर्षे लोटली होती. बोलणे बाहेर फुटू नये म्हणून ऐन उन्हाळ्यात दारे-खिडक्या बंद ठेवून ही मंडळी सप्टेंबरपर्यंत वाद घालत होती.

मोठी राज्ये म्हणत, लोकसंख्येप्रमाणे मते द्या. लहान राज्ये म्हणत, भाऊ लहान असला तरी वाटा सारखा. परिषद मोडायच्या बेतात आली. अखेर दोन सभागृहे ठरली. एकात लोकसंख्येप्रमाणे जागा, दुसऱ्यात प्रत्येक राज्याला दोन. कोणाचेच सगळे म्हणणे राहिले नाही. म्हणूनच सगळे राहू शकले. केंद्राला कराचा अधिकार मिळाला, राज्याराज्यांतल्या जकाती गेल्या. आणि आरंभ झाला तो 'आम्ही लोक' या शब्दांनी. आपल्या संविधानाची उद्देशिकाही 'आम्ही भारताचे लोक' अशीच सुरू होते, हे वाचकांना आठवेलच.

येथेही एक वाईट सौदा झालाच. जागा मोजताना पाच गुलामांची तीन माणसे धरायची, आणि गुलामांची आयात १८०८ पर्यंत बंद करायची नाही. त्या सबंध मसुद्यात 'गुलाम' हा शब्द नाही. 'इतर व्यक्ती' असा आडपडदा आहे. शब्द झाकला म्हणून लाज झाकत नाही.

१७ सप्टेंबरला ३९ जणांनी सह्या केल्या. मग राज्याराज्यांतून मान्यता मिळवायची दुसरी लढाई. मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७! नागरिकांच्या हक्कांची हमी द्या, असा विरोधकांचा आग्रह होता. तो मानला गेला आणि १७९१ मध्ये दहा दुरुस्त्या आल्या. हरलेल्यांचेही काही ऐकायचे असते, हा धडा त्यात आहे. ३० एप्रिल १७८९ ला वॉशिंग्टनने अध्यक्षपदाची शपथ घेतली. ऱ्होड आयलंड मात्र १७९० च्या मे महिन्यात, ३४ विरुद्ध ३२ अशा मतांनी, कुरकुरत आत आले. त्याच वर्षी राज्यांची युद्धकर्जे केंद्राने आपल्या डोक्यावर घेतली. भावाचे कर्ज भावाने फेडायला घेतले, की घर एक झाले असे म्हणायला हरकत नाही.

तरीही ते पुरते एक झाले नव्हते. खोडलेला परिच्छेद वाट पाहत होता. १८६१ ते १८६५ या यादवीत सहा लाखांहून अधिक सैनिक मेले, तेव्हा सुमारे ४० लाख गुलामांच्या बेड्या तुटल्या. त्या बातमीने इकडे पुण्यातला एक माणूस हेलावून गेला. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा प्रकट केली. १७७६ चे सूत्र जेफर्सनच्या मळ्यावर खरे ठरले नाही, पण ते समुद्र ओलांडून आपल्या दारी आले.

एक व्याकरणाची दुरुस्ती

मी मराठीचा माणूस. शेवटी व्याकरणावरच येणार. अमेरिकेच्या राज्यघटनेत देशद्रोहाची व्याख्या आहे. तेथे देशाच्या नावासाठी 'त्यांच्याविरुद्ध' अशा अर्थाचे बहुवचनी सर्वनाम वापरले आहे. त्या यादवीनंतर, हळूहळू, इंग्रजीत ते नाव एकवचनी झाले. आपण मराठीत मात्र अजूनही 'अमेरिकेची संयुक्त संस्थाने' असे बहुवचनच लिहितो, आणि नकळत इतिहास जपून ठेवतो.

बहुवचनाचे एकवचन व्हायला काय लागते, ते मला आजीने आधीच शिकवले होते. दोर आणावा लागतो, पैसे सगळ्यांनी द्यावे लागतात, आणि कोणाला तरी दारोदार उभे राहावे लागते. तेही एकदाच करून भागत नाही. दोर पुन्हा कुजतो.

सुट्टीनंतर मी त्या विद्यार्थ्याला बोलावले आणि वही परत मागितली. माझी बरोबरची खूण खोडली. "सर, वाक्य चुकले का?" त्याने घाबरत विचारले. म्हटले, "नाही रे, मी चुकलो." आणि 'जन्माला आले' यातला 'आले' खोडून त्याच्या डोक्यावर लाल शाईने लिहिले : 'येऊ लागले.'